देठ न कापलेलं कासव

४ फेब्रुवारी

खडू,

वर ‘चिरंजीव’ लिहायला गेलो, पण हात वळला नाही. आशीर्वाद शेवटी देईन, तोवर देण्याजोगं काही उरलं तर.

काल न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. तेवढ्यात त्याने रविवारची पुरवणी माझ्यापुढे धरली. “काका, हे तुमचेच चिरंजीव ना? अर्धं पान फोटो आलाय!” माझा चष्मा घरी. मग त्यानेच मोठ्याने वाचून दाखवलं, बाकावर बसलेल्या चार गिऱ्हाइकांच्या देखत. तुला म्हणे ‘राक्षसांचा जन्मदाता’ म्हणतात. तुझ्या खेळाला तीस वर्षं झाली म्हणून प्रदर्शन भरणार आहे. त्यात मधोमध काचेच्या पेटीत एक हिरवं प्लास्टिकचं खेळणं ठेवणार आहेत. त्यावरून तू तुझा पहिला राक्षस लिहिलास. शूलकपाळ. नाव ऐकून एक गिऱ्हाईक ‘वा’ म्हणालं.

इथवर माझीही छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू? मग पुढचं आलं. न्हाव्याने ते दोनदा वाचलं, मेल्याला आवडलं असावं. तू म्हणतोस, “हे कुठल्याशा बोळातल्या कारखान्यातलं स्वस्त खेळणं. प्राणी कोणता तेच कळत नव्हतं. बनवणाऱ्या अडाण्यालाही ते ठाऊक नसणार. म्हणून तर माझ्या कल्पनेला वाव मिळाला.”

अंगाचा तिळपापड झाला. तसाच उठलो, अर्ध्या दाढीने घरी आलो.

बनवणारा कोण हे तुला ठाऊक नाही? पंचवीस वर्षं मी त्या बोळातल्या कारखान्यात पोलादात साचे कोरले. शाळेतून आलास की माझ्या बाकाखाली बसून फरशीवर खडूने चित्रं काढायचास, म्हणून तर तुझं नाव खडू पडलं. तुम्ही पोरं पाच-सहाजण टेबलाभोवती बसायचात. एकजण गोष्ट सांगायचा, बाकीचे योद्धे आणि जादूगार व्हायचे, फासे टाकायचे आणि राक्षसांशी लढायचे. तेव्हा असे राक्षस कुठल्या दुकानात मिळत होते? तुमच्या टेबलावर उभी असायची ती माझी जनावरं. बारा जनावरांची पिशवी, एका रंगात. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलास आणि आता बीळ खणणाऱ्याला अडाणी म्हणतोस!

आणि ठाऊक होतं मला. ते कासव होतं. कासव!

माझं मागणं एवढंच आहे: पेटीखाली पाटी लावा, ‘हे कासव आहे’. त्याखाली माझं नाव नको, नुसतं ‘साचे कोरणारा’ असं लिहिलं तरी पुरे.

तुझी आई आत्ताच विचारून गेली, “अहो, एवढं कुणाला लिहिताय?” म्हटलं, वीज कंपनीला, बिल चुकलंय. म्हणाली, “मग जरा कडक लिहा.”

तुझा बाप


१९ फेब्रुवारी

खडू,

तुझं पुस्तक आलं. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. पुस्तकाच्या वजनाने टपालवाला वैतागला होता. तीनशे राक्षस आणि पहिल्या पानावर माझं कासव.

भिंग लावून वाचलं. हसावं की रडावं कळेना.

‘शूलकपाळाच्या पोटाभोवती शिवण असते. शिकार गिळताना तो त्या शिवणीवर उघडतो.’ अरे, साच्याचे दोन भाग अर्ध्या मिलिमीटरने चुकले होते! जोडावरची रेघ आहे ती.

‘पोटावर तीन वाटोळे डोळे असतात. त्यांनी तो जमिनीखालची चाहूल घेतो.’ माल थंड झाला की साच्यातून तीन खिळे त्याला बाहेर ढकलतात. त्या खिळ्यांचे ठसे आहेत. डोळे म्हणे!

‘पाठीवरचं सातवं कवच वाकडं. ते त्याने दुसऱ्या शूलकपाळाशी झुंजताना मोडून घेतलं.’ कुणाशी झुंजला नाही तो. तुला गोवर आला होता, मला चार दिवस झोप नव्हती आणि छिन्नी घसरली.

माझी एकेक चूक तू शोधून काढलीस आणि एकेकीचा पराक्रम करून ठेवलास. इथवर मी तुझं कौतुकसुद्धा केलं असतं. नातवंडं नाहीत आम्हाला, निदान चुकांना तरी कुणी मोठं केलं.

पण मग शेवटून दुसरी ओळ: ‘त्याच्या घरट्यातून कुणी काही उचललं, तर शूलकपाळ त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं तोडून घेतो. ही बोटं कोणत्याही जादूने परत येत नाहीत.’

डाव्या हाताची. दोन.

लाज नाही वाटली? जगभरची पोरं फासे टाकून तुझ्या आईच्या बोटांवर खेळतात आणि हसतात? तिच्या हाताचा तू राक्षस केलास? गेल्या तीस वर्षांत दोनदा घरी आलास. दोन्ही वेळा दोन तास बसलास, एकदाही तिच्याकडे धड पाहिलं नाहीस, भिंतीकडे बघून हवापाण्याचं बोललास. ती हात मांडीखाली दडपून बसली होती, ते तरी पाहिलंस का? आणि तिकडे तिच्याच बोटांवर नाव काढतोस!

त्या अपघातात कुणाचा दोष नव्हता. कारखान्यातल्या कात्रण-टेबलावर काम करताना तिचं लक्ष नव्हतं, पातं बसलं. झालं ते झालं.

शेवटच्या ओळीत त्याच्या कपाळातल्या शिंगावरच्या खाचेबद्दल लिहिलं आहेस, की त्या जुन्या जखमेवर घाव घातला तरच शूलकपाळ मरतो. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

ती बोटांची ओळ पुढच्या छपाईत काढून टाक. पाटी नको, नाव नको, काही नको. एवढी ओळ काढ.

तुझा बाप


८ मार्च

खडू,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी. बापाला पाच ओळी लिहायला तुला तीस वर्षं लागली.

तू लिहितोस, “मी अकरा वर्षांचा होतो. दवाखान्याच्या पायरीवर तुम्ही मला म्हणालात, ‘तुझ्यासाठी जनावरं वेचत होती, म्हणून तिची बोटं गेली.’ आदल्या दिवशी मीच तिच्याकडे हट्ट धरला होता, मला जनावरं आण म्हणून. बाबा, घरट्यातून उचलणारा मी आहे. ती ओळ आईची नाही, माझी आहे. ती मी काढणार नाही.”

वा रे वा! चोराच्या उलट्या बोंबा. बापाला अडाणी म्हणून झालं, आता खोटारडा ठरवतोस?

मी असं काही म्हणालो नाही. पोरं ऐकतात एक आणि लक्षात ठेवतात भलतंच. मी त्या दिवशी घाबरलेलो होतो, माझ्या सदऱ्यावर रक्त होतं, मी पायरीवर कोणाशी काय बोललो ते मलाच आठवत नाही, तर अकरा वर्षांच्या पोराला काय आठवणार? आणि समजा तोंडातून काही निसटलं असेल, तर इतकी वर्षं गाठोडं बांधून बसायचं? एकदा येऊन विचारायचं होतंस. तोंडाला कुलूप लागलं होतं का तुझ्या?


१० मार्च

परवाचं वरचं पत्र टपालपेटीत टाकलं नाही. फाडतही नाही. त्याच कागदावर खाली लिहितो आहे, म्हणजे तुलाही दिसेल तुझा बाप काय चीज आहे.

म्हणालो होतो.

शब्द न् शब्द तसाच. तू खालच्या पायरीवर बसला होतास, एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल, कारण शेजारीण तुला घाईत घेऊन आली होती. तू विचारलंस, “कसं झालं?” आणि मी ते म्हणालो.

आईने तुझ्यासाठी काही वेचलं नव्हतं, खडू. त्या टेबलावरून तिने कधी एक जनावर उचललं नाही. तुला ते हिरवं कासव सापडलं ते माझ्या विजारीच्या खिशात. मी टेबलावरून उचलून खिशात टाकलं होतं.

का उचललं, ते लिहायला मला थोडा वेळ दे. आज एवढंच जमतं आहे.


२१ मार्च

खडू,

आता सगळं लिहितो. मधे थांबलो तर पुन्हा खोटं बोलेन, म्हणून सलग लिहितो.

साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून भरतात, हे तू पाहिलं आहेस. ते जिथून आत शिरतं तिथे जनावराला एक कोंब राहतो. बायका त्याला देठ म्हणायच्या. कात्रण-टेबलावर पायाने दाबायचं पातं होतं. त्याखाली जनावर धरायचं, पाय दाबायचा, देठ तुटायचा. तुझी आई दिवसाला हजारांवर देठ कापायची आणि वर शेजारणीला विनोद सांगायची. लक्ष नसायला ती काय नवखी होती?

देठ पोटावर ठेवायचा, हा माझा नियम. जनावर उताणं टेबलावर ठेवता येतं, बोटं लांब राहतात. पण कासवाचा साचा मालकाला चार दिवसांत हवा होता. पोटापर्यंत प्लास्टिकची वाट कोरायला आणखी दोन दिवस लागले असते. डोकं साच्याच्या कडेला होतं, तिथून वाट सरळ होती. मी देठ कपाळावर ठेवला.

म्हणजे कापताना ते इवलंसं डोकं बोटांच्या चिमटीत धरून पात्याखाली न्यायचं. पहिल्या सकाळीच तुझी आई माझ्या बाकापाशी आली. म्हणाली, “अहो, ह्याला धरायला जागाच नाही. देठ पोटावर घ्या.” मी वर न बघता म्हणालो, “चार दिवस काढ गं. मालक डोक्यावर बसलाय.”

तिसऱ्या दिवशी झालं.

मी धावत गेलो तेव्हा तिला बाहेर नेत होते. टेबलावर ते कासव पडलं होतं. देठ अर्धा कापलेला. खडू, ती जी खाच आहे ना शिंगावर, म्हणजे त्या देठावर, जिच्यावर घाव घातला की तुझा राक्षस मरतो, ती पात्याची खाच आहे. पातं तिथे अडलं, कारण मधे बोटं आली होती.

ते कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मी खिशात टाकलं. कुणीही कारागीर ते बघून सांगू शकला असता की चूक साच्याची आहे. मग मालकाने कागद पुढे केला. ‘कामगाराचं लक्ष नव्हतं.’ साक्षीदार म्हणून साचे कोरणाऱ्याची सही लागत होती. मी बायकोच्या विरोधात सही केली. बोटांवरची शाई पुसत दवाखान्यात आलो आणि पायरीवर तू बसला होतास. तू विचारलंस कसं झालं. दोष कुठेतरी टेकवायचा होता आणि समोर तू होतास.

अकरा वर्षांचं पोर. थू माझ्या जिनगानीवर.

पुढच्या दोन दिवसांत मी देठ पोटावर घेतला. दोनच दिवसांचं काम होतं. त्यानंतरच्या एकाही कासवाला कपाळावर काही नाही. म्हणून तुझ्याकडचं शिंगवालं इतकं दुर्मीळ. पुरवणीत लिहिलंय ना, ‘जगात असं दुसरं सापडलेलं नाही’? मीच ती पहिली खेप वितळवून टाकली. एक तेवढं राहिलं, कारण तू माझ्या खिशातून काढून घेतलंस आणि मला परत मागायचं धाडस झालं नाही.

ज्या दिवशी मी तुमचं टेबल उलथलं, फासे आणि वह्या जिन्यावरून खाली भिरकावल्या, त्या दिवशी तुला वाटलं बापाला खेळ आवडत नाही. मला खेळाशी काय घेणंदेणं होतं? मी कामावरून आलो, तर खोलीत पाच पोरं बसलेली, मधोमध ते कासव, आणि तू उभा राहून सांगत होतास, “याच्या शिंगावर एक जुनी जखम आहे...” मला वाटलं, तुला सगळं कळलंय आणि चारचौघांत वाचून दाखवतो आहेस. माझी पाचावर धारण बसली. भ्यालेला माणूस फार ओरडतो. तू कासव तेवढं उचललंस आणि घर सोडलंस. वीस वर्षांचा होतास.

आता ती ओळ काढ असं मी म्हणत नाही. पण ‘उचलणाऱ्याची बोटं जातात’ हे खोटं आहे, खडू. उचलणाऱ्याचं काही जात नाही. उचललं मी आणि माझी दहाच्या दहा शाबूत आहेत.

हे पत्र टाकण्याआधी तिला वाचून दाखवणार आहे.


२२ मार्च

दाखवलं.

ती शेंगा सोलत होती. साच्याचं वाचत होतो तोवर सोलतच राहिली. म्हणाली, “देठाचं मला काय सांगता? माझ्या हातात होतं ते.” कागदावरच्या सहीचंही तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मालकाच्या कारकुनाने सांगितलं होतं. एकोणचाळीस वर्षं ठाऊक असून तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. “तुम्ही सही केली नसती तर दोघांची नोकरी गेली असती,” एवढंच म्हणाली.

मग दवाखान्याच्या पायरीचं वाचलं. तेव्हा तिचे हात थांबले. म्हणाली, “पुन्हा वाचा.” पुन्हा वाचलं. शेंगांचं ताट उचलून तिने भिंतीवर मारलं.

तेव्हापासून जेवण वाढते, माझ्याकडे बघत नाही. हे पाकीट तिने माझ्याकडून घेऊन ठेवलं आहे. म्हणते, मी सांगेन तेव्हा टाकायचं.


२७ मार्च

खडू,

ही आई. यांच्या सगळ्या पत्रांच्या खाली लिहिते आहे, कारण पाकीट मी अडवून ठेवलं होतं. वीज कंपनीला एवढी पत्रं जात नाहीत, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. अक्षर वाकडं येतंय, उजवा हात धड असला तरी कागद डाव्याने नीट दाबता येत नाही.

मला इतकी चीड आली आहे की पाच दिवस झाले तरी उतरलेली नाही. यांची आली आहेच, ते राहू दे, यांच्याकडे मी बघून घेईन. तुझीही आली आहे. वेड्या, मला का नाही विचारलंस? आई, माझ्यामुळे गेली का गं, एवढे पाच शब्द. मी पाठीत धपाटा घातला असता आणि तिथल्या तिथे मिटलं असतं.

आणि माझी मलाही आली आहे, कारण मीही तुला विचारलं नाही. तू जेवताना माझ्याकडे बघेनासा झालास. माझ्या हातचा घास चुकवायला लागलास. घरी आलास तर भिंतीकडे बघायचास. मला वाटलं, पोराला माझ्या हाताची किळस येते. म्हणून तू आलास की मी तो हात मांडीखाली घालून बसायचे. तू समजला असशील, मी तुझ्यावर रागावले आहे म्हणून हात दाखवत नाही. आणि हे दोघांच्या मधे बसून हवापाण्याचं बोलायचे. तुझ्या पुस्तकात तीनशे राक्षस आहेत म्हणे, त्यात हा न बोलण्याचा राक्षस नसेल.

आता नीट ऐक. तुझं पुस्तक मी काल पाहिलं. चित्र छान आहे. पण तो राक्षस नाही आणि ते शिंग नाही. तो देठ आहे आणि तो माझ्या टेबलावरचा आहे. मी अकरा वर्षं त्या टेबलावर काम केलं, न कापलेलं एकही जनावर माझ्या हातून पुढे गेलेलं नाही. हे एकच राहिलंय.

प्रदर्शनवाल्यांना काय सांगायचं ते सांग, माझं नाव सांग. ते रागावले तर त्यांना म्हणावं, जिचं काम आहे तिने मागवलंय. काचेच्या पेटीतून काढ आणि स्वतः घेऊन ये, टपालाने पाठवू नकोस. धारदार पातं घरात आहे. डोकं चिमटीत तू धर, मला आता त्या हाताने धरता येत नाही. घाबरू नकोस, मी पातं हळू चालवते.

पत्ता यांच्याकडून लिहून घेतलाय, अक्षर चांगलं आहे म्हणून. बाकी यांच्याशी मी अजून बोलत नाही. तू येशील तेव्हा बोलेन.

आई